दोन उशांचे भौतिकशास्त्र

नाकाच्या पडद्याची शस्त्रक्रिया होऊन मी घरी आलो, तेव्हा डॉक्टरांनी बजावले होते, "दोन उशा घेऊन झोपा, वाकू नका, नाक शिंकरू नका." असे का बरे? वर्गात शिकलेले सूत्र आठवा : द्रवाचा दाब = उंची × घनता × गुरुत्व त्वरण. रक्तही द्रवच! डोके हृदयापेक्षा 15 सेंमी. उंच ठेवले, की डोक्यातील रोहिण्यांमधला दाब पाऱ्याच्या सुमारे 12 मिमी.ने उतरतो. त्यामुळे सूज आणि रक्तस्राव यांची भीती कमी होते. खाली वाकलात, की नेमके उलटे! नाक शिंकरताना तर ओल्या जखमेवर हवेचा दाब एकदम वाढतो. शिंक आलीच, तर तोंड उघडे ठेवावे. हवेला वाट मिळते. तुमच्या घरी कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली, तर त्यांची खाली पडलेली वस्तू उचलायला तुम्ही वाका!