ढगफुटी नव्हती ती

2 सप्टेंबर 2024, पोळ्याचा दिवस. बैलांच्या अंगावर झुली चढण्याआधीच रात्रभरच्या पावसानं परभणी जिल्ह्यातल्या पाथरी तालुक्यातली वावरं पाण्याखाली गेली. पाथरी मंडळात 24 तासांत 300 मिलिमीटरच्या पुढे पाऊस नोंदला गेला. हवामान खात्याच्या वर्गवारीत 204.4 मिलिमीटरच्या वर गेलं की सगळ्यात वरचा वर्ग लागतो.

सोयाबीनच्या शेंगा भरत होत्या. भारी काळ्या जमिनीत एकदा साचलेलं पाणी लवकर हटत नाही. मुळांना हवा मिळत नाही आणि वरून हिरवं दिसणारं झाड खालून कुजत जातं.

विमा कंपनीचा माणूस आमच्या शिवारात पंचनाम्याला आला तेव्हा पाणी ओसरलं होतं. बांधावरूनच म्हणाला, "ढगफुटी होती काका, त्याला कोण काय करणार? पीक तर उभं आहे." झाड उपटून मुळं बघा म्हटलं, तर चिखलात उतरायला तयार नाही. नुकसानीचा आकडा तिथंच उभ्यानं लिहिला. ढगफुटीच्या त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, कारण ते खोटं होतं.

ढगफुटीत छोट्या भागात तासाभरात 100 मिलिमीटर पाऊस कोसळतो. हा पाऊस रात्रभर चालला आणि हिंगोली, नांदेडपर्यंत पसरला. त्याचं मूळ बंगालच्या उपसागरात होतं. तिथलं कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन 31 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं आणि पश्चिम-वायव्येकडे सरकू लागलं. विजयवाडा आणि खम्मम बुडाले ते याच काळात. पावसाळ्यातल्या अशा प्रणालीचा सर्वाधिक पाऊस तिच्या केंद्राच्या नैऋत्येला पडतो, कारण समुद्रावरचं बाष्प त्या बाजूला एकवटतं. मराठवाडा त्या पट्ट्यात आला.

म्हणजे संकट चालत आलं होतं, नकाशावर दिसत होतं. उपसागरात असं क्षेत्र तयार झालं की त्याची वाट रोज बघावी, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला वाचावा, चर मोकळे करून ठेवावेत. सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर पेरलं तर जादा पाण्याला सरीतून वाट मिळते.

पाणी उभं असतानाच तारीख आणि ठिकाण दिसणारे फोटो काढा. ओसरल्यावर उपटलेल्या मुळांचेही काढा. 2024 च्या खरिपात नुकसानीची पूर्वसूचना विमा कंपनीला 72 तासांत द्यावी लागत होती. 2025 पासून राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. म्हणून विमा भरतानाच त्या हंगामाचे निकष विचारून घ्या. तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक जपा. सरकारी मदतीसाठी मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस हा अतिवृष्टीचा निकष आहे. तुमच्या मंडळाचा आकडा सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (आधीचे कृषी सहायक) मागून घ्या.

आणि पंचनामा कुणाचाही असो, नुकसानीच्या टक्केवारीचा रकाना कोरा असेल तर त्यावर सही करू नका. आधी पंचनाम्याला आलेल्या माणसाला वावरात उतरवा, मुळं दाखवा, आकडा तुमच्यासमोर लिहून घ्या आणि प्रतीचा फोटो काढल्याशिवाय त्याला बांध ओलांडू देऊ नका.