घाईतली प्रीती

मी उज्जैनला शाळेत शिकवते. घराणं मूळचं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. डबे, शाळा, वह्या, सासूबाईंची औषधं यांत दिवस संपतो. अशा दिवसांत शेजाऱ्यावर प्रीती कशी करायची, ते थोडं थोडं कळत गेलं.

१. सवडीची वाट पाहू नये. मार्काच्या शुभवर्तमानात येशू याईराच्या मरणाला टेकलेल्या मुलीकडे निघालेला असतो. वाटेत एक आजारी बाई त्याच्या वस्त्राला शिवते आणि तो थांबतो. इतकी निकड आपल्याला क्वचितच असते. २०२२ मध्ये महाकाल मंदिरापाशी ‘महाकाल लोक’ हा परिसर झाल्यापासून देवास गेटपाशी रस्ता विचारणारे पुष्कळ भेटतात. मी घरून जरा लवकर निघते. तेवढा वेळ त्यांचा.

२. वेळापत्रक बदललं तर आपणही वळावं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. महाकालाच्या सोमवारच्या पालखीसाठी, म्हणजे सवारीसाठी, शहरातल्या शाळांना सोमवारी सुट्टी आणि रविवारी वर्ग. सकाळची उपासना हुकायची, म्हणून संध्याकाळी घरीच प्रार्थना केली. सोमवार एकट्या राहणाऱ्या शेजारच्या काकूंना दिला. त्यांचं दळण, विजेचं बिल आणि मुख्य म्हणजे गप्पा.

३. काय हवंय ते आधी विचारावं. आंधळ्या बार्तीमयालाही येशूने विचारलंच होतं. पुष्पा मिशन रुग्णालयात ओळखीच्या बाईंना भेटायला गेले, तेव्हा शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या माणसाला विचारलं, ‘काही आणू का?’ त्याला जेवण नको होतं. फोन बंद पडला होता आणि गावी निरोप द्यायचा होता. माझ्या फोनवरून बोलला. झालं काम.

४. मदतीला अट नको. मंदिरांच्या गावात ख्रिस्ती माणसाने काही दिलं की एखाद्याच्या मनात धर्मांतराची शंका येते. तिच्याशी वाद घालू नये. सोबत पत्रक नको, उपदेश नको. कुणी विचारलंच, तर आपली श्रद्धा सरळ सांगावी.

५. घरच्यांना उरलंसुरलं देऊ नये. पौलाने आपल्या पत्रात प्रीतीचं वर्णन करताना आधी सहनशीलता सांगितली. सासूबाई तोच प्रश्न पुन्हा विचारतात, तेव्हा त्या पत्रातलं तेवढंच आठवलं तरी पुरतं.

६. क्षमेलाही वेळ काढावा लागतो. शेजारच्या देवास जिल्ह्यात उदयनगरला सिस्टर राणी मारिया गरीब आदिवासींमध्ये काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमधून ओढून काढून त्यांना ठार केलं. २००२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, इंदूरच्या तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंह याला राखी बांधली. ती राखी सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याआधी स्वामी सदानंद नावाने ओळखले जाणारे कॅथलिक धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटत राहिले होते, हे कमी जणांना माहीत असतं. मला त्या फेऱ्यांचं मोल अधिक वाटतं. मन वळायला किती दिवस लागतील ते माहीत नसताना ते जात राहिले.

माझ्या एका जावेशी बोलणं जवळपास तुटलं आहे. दर महिन्याला मी फोन लावते. ‘बरं आहे ना?’ यापुढे गाडी सरकत नाही. पुढच्या महिन्यात परत लावीन.