निदण, तणनाशक आणि सर्वांची जमीन

(अभ्यासलेख : कुटुंबात व वस्तीसमूहात वाचून चर्चा करण्यासाठी)



मत्तयकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील निदणाचा दृष्टांत (१३:२४-३०) आपल्या परिचयाचा आहे. एका माणसाने शेतात चांगले बी पेरले. रात्री लोक झोपेत असताना वैरी येऊन गव्हात निदण पेरून गेला. पीक वाढल्यावर चाकरांच्या ते लक्षात आले आणि ते उपटून टाकायला निघाले. धन्याने त्यांना थांबवले. निदण काढण्याच्या नादात गहूही मुळासकट निघेल, अशी त्याला काळजी होती.

हा दृष्टांत प्रभूने शेतीचा सल्ला म्हणून सांगितलेला नाही. त्याचा अर्थ त्याने स्वतःच पुढे (१३:३६-४३) उलगडून सांगितला आहे. त्यामुळे त्यातून तणनाशकाविषयी काही आज्ञा ओढून काढणे बरोबर होणार नाही. परंतु धन्याच्या मनातला प्रश्न आपणही विचारू शकतो. नको असलेली एक गोष्ट नाहीशी करताना तिच्याबरोबर आणखी काय जाणार आहे? आजच्या लेखात हा प्रश्न आपण सर्वांच्या वापराच्या जमिनीविषयी विचारणार आहोत.

१. सर्वांची जमीन कोणती?

गावाचे गायरान, रस्त्याच्या कडा, कालव्याचा भराव, शाळेचे मैदान, एसटी स्थानकाचे आवार, दवाखान्याचा परिसर, स्मशानभूमी. आपल्यापुरते बोलायचे तर चर्चचे आवार आणि आपली दफनभूमी. या जागा कोणा एकाच्या नाहीत. तिथे मुले अनवाणी खेळतात, शेळ्या चरतात, बायका सरपण आणि रानभाजी गोळा करतात, म्हातारी माणसे सावलीला बसतात.

स्वतःच्या शेतात काय फवारायचे हे शेतकरी ठरवतो आणि त्याचे बरेवाईट बहुतांशी तोच भोगतो. सर्वांच्या जमिनीवर मात्र ठरवतो एक, फवारतो दुसरा आणि त्यावरून चालतो तिसराच. त्या तिसऱ्याला कोणी विचारलेले नसते. शेतातल्या फवारणीहून हा प्रश्न वेगळा आहे तो एवढ्यासाठी.

२. पुण्यापासून पसरलेले गवत

आपल्या बाजूला सार्वजनिक जागेवर फवारणी होते ती बहुतेक वेळा गाजर गवतासाठी. या गवताचा इतिहास आपल्या जिल्ह्याशीच जोडलेला आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात उकिरड्यांवर हे अनोळखी झाड दिसू लागले आणि १९५६ मध्ये भारतातील नवी वनस्पती म्हणून त्याची शास्त्रीय नोंद झाली. ते मूळचे अमेरिका खंडातले. आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, तर कोणी चटक चांदणी.

त्याचा त्रास खोटा नाही. अंगाला लागले की खाज सुटते, काहींना इसब होतो, परागांमुळे दम्याचा त्रास वाढतो. जनावरे ते सहसा खात नाहीत. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते आणि एका झाडापासून हजारो बिया पडतात. म्हणून ते काढले पाहिजे, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो कसे काढायचे यावर.

तणनाशक मारले की आठ-पंधरा दिवसांत जागा पिवळी पडते आणि काम झाल्यासारखे वाटते. पण मातीतल्या बिया तशाच राहतात. ग्लायफोसेटसारखे तणनाशक हिरवे दिसेल ते सारे मारते. त्यात गाजर गवताला अटकाव करू शकणारे साधे गवतही जाते. जमीन उघडी पडते आणि पुढच्या पावसाला त्या मोकळ्या जागेत सर्वांत आधी गाजर गवतच उगवते. मग पुन्हा फवारणी. दृष्टांतातल्या धन्याची भीती येथे शब्दशः खरी ठरते.

३. आपण त्याला 'औषध' म्हणतो

गावात सर्रास म्हणतात, "औषध मारले." औषध बरे करण्यासाठी असते; हे मारण्यासाठी केलेले रसायन आहे. नाव सौम्य असले की हातही निष्काळजी होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटचा समावेश 'माणसांत बहुधा कर्करोगकारक' या गटात केला. युरोप व अमेरिकेच्या नियामक संस्थांना हा निष्कर्ष मान्य झाला नाही आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याला आणखी दहा वर्षांची परवानगी दिली. म्हणजे तज्ज्ञांत मतभेद आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आपल्या देशातही त्याला मोकळे रान दिलेले नव्हते. भारतात त्याची नोंदणी चहाचे मळे व पीक नसलेल्या जागा एवढ्यापुरतीच होती. केरळ सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने अधिसूचना काढून त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा असे ठरवले. उत्पादकांनी या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान दिले. तोंडाला रुमाल बांधून आणि पायात चपला घालून पाठीवरच्या पंपाने केलेली फवारणी मात्र कोणत्याच नियमाला अभिप्रेत नाही.

पॅराक्वाट हे दुसरे तणनाशक. ते चुकून पोटात गेले तर त्यावर खास उतारा नाही. युरोपीय संघात ते २००७ मध्ये बंद झाले. यासाठी एक गोष्ट घरोघरी सांगावी : उरलेले तणनाशक पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. डब्यावरच्या खुणेतील त्रिकोणाचा रंगही ओळखायला शिकावा. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, असा अर्थ होत नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती. पण पंप तोच, उघडे हात तेच आणि रोजंदारीवर आलेला माणूसही तोच असतो.

४. पाणी आणि माळ

बारामती-इंदापूर हा कमी पावसाचा पट्टा आहे. आपले बरेचसे जीवन नीरा डाव्या कालव्यावर आणि उजनीच्या पाण्यावर चालते. कालव्याच्या भरावावर किंवा ओढ्याच्या काठावर फवारलेले रसायन पहिल्या जोरदार सरीबरोबर खाली उतरते. खाली विहीर असते, मासे असतात, जनावरांचे पाणवठे असतात. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी त्याच पाण्यात चोच घालतात.

माळाचेही तसेच आहे. कागदोपत्री ज्याला 'पडीक' म्हणतात तो माळ रिकामा नसतो. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले ते चिंकारांसाठी. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावरही चिंकारा आहेत. पवना, मारवेल, कुसळी या गवतांवर ती जगतात आणि धनगर बांधवांची मेंढरेही. आपल्याला जे तण वाटते ते दुसऱ्या कोणाचे तरी ताट असते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या विश्वपत्रात (परिच्छेद २०) सर्वांना बाधणाऱ्या प्रदूषणाचा उल्लेख केला, त्या यादीत तणनाशकेही आहेत.

५. एका देशाने हे कसे केले?

फ्रान्सने २०१४ मध्ये कायदा करून सार्वजनिक जागांवरील रासायनिक फवारणी टप्प्याटप्प्याने थांबवली. १ जानेवारी २०१७ पासून सार्वजनिक बागा, रस्ते व पायवाटा यांवर काही अपवाद वगळता बंदी आली. १ जानेवारी २०१९ पासून घरच्या बागांवर आणि १ जुलै २०२२ पासून दफनभूमींवरही. दफनभूमी इतक्या उशिरा आल्या याचे कारण समजण्यासारखे आहे. थडग्यांमध्ये जरा गवत वाढले तरी आपल्या माणसाची आबाळ होते आहे असे नातेवाइकांना वाटते. तिथल्या लोकांना स्वच्छ जागा आणि उघडीबोडकी जागा यांतला फरक हळूहळू शिकावा लागला.

आपल्याकडेही २ नोव्हेंबर जवळ आला, की दफनभूमी साफ करण्याची घाई होते. परतीच्या पावसाने गवत कमरेएवढे झालेले असते. अशा वेळी एक पंप मारून मोकळे व्हावे असे कोणालाही वाटेल. पण त्यानंतर चारच दिवसांनी लहान मुले त्याच मातीत बसून मेणबत्त्या लावणार असतात.

६. मग गवताचे काय करावे?

(अ) वेळ साधावी. पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांनी, फुले येण्याच्या आत, माती ओली असताना गाजर गवत मुळासकट उपटावे. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. दमा किंवा इसब असलेल्यांनी या कामात उतरू नये. हे काम पावसाळ्यात दोन-तीन वेळा करावे लागते. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळते. तो मुहूर्त शाळांना सोयीचा आहे.

(आ) फुलापूर्वी उपटलेल्या गवताचे खत करता येते. फुले आलेले गवत खड्ड्यात टाकू नये. खताबरोबर बी पसरते.

(इ) पाचट वापरावे. उसाच्या पट्ट्यात पाचटाला तोटा नाही. पायवाटांवर आणि झाडांच्या बुडाशी चार बोटे जाड थर दिला तर खालचे बी सहसा वर येत नाही. जे शेतात पेटवून दिले जाते ते इथे उपयोगी पडते.

(ई) साधे गवत तासून काढू नये, कापावे. जमीन झाकलेली राहिली तर गाजर गवताला जागा मिळत नाही. जिथे ते फार आहे तिथे पावसाआधी टाकळ्याचे बी फेकावे. टाकळा दाट वाढून त्याला दाबतो आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते.

(उ) भुंगा ओळखावा. गाजर गवतावर जगणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आला. फिकट पिवळसर पाठ आणि तिच्यावर काळपट रेषा, असे त्याचे रूप. पावसाळ्यात तो पाने खाऊन झाडाची चाळणी करतो, कोरड्या दिवसांत जमिनीत दडतो. आपल्या कोरड्या भागात त्याच्यावर सगळी भिस्त ठेवता येणार नाही. पण दिसला तर तिथे फवारणी करू नये.

(ऊ) मिठाचे पाणी फवारण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. मीठ मातीत साठते आणि जमीन खारावते.

७. कष्ट कोणाचे?

खुरपणी म्हणजे बायकांचे काम, असे आपल्याकडे ठरून गेले आहे. उन्हात दिवसभर वाकून पाठ मोडते ती त्यांची. तणनाशकाने तो त्रास काही अंशी कमी केला, हे नाकारता येत नाही. म्हणून 'फवारणी बंद' असे सांगून ते ओझे पुन्हा भगिनींवरच टाकले, तर आपण एका अन्यायाच्या जागी दुसरा आणू. श्रमदान करायचे तर विळा-खुरपे पुरुषांच्या आणि तरुणांच्याही हाती असले पाहिजे. मजूर लावायचे तर त्यांना पुरी मजुरी आणि हातमोजे दिले पाहिजेत. गवत कापण्याचे यंत्र अनेक कुटुंबांना मिळून घेता येते.

सगळे एका वर्षात होणार नाही. पहिल्या वर्षी आपली दफनभूमी व चर्चचे आवार, दुसऱ्या वर्षी शाळेचे मैदान, आणि तेवढा अनुभव गाठीशी आल्यावर तिसऱ्या वर्षी ग्रामसभेत गायरान व रस्त्यांचा विषय मांडावा. स्वतः करून दाखवलेले असेल, तर ग्रामसभेत बोलायला तोंड राहते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात कोणत्या सार्वजनिक जागेवर तणनाशक फवारले जाते? ते कोण ठरवते? फवारणारा कोण असतो?
२. त्या जागेवर कोण चालते, कोण चरते, पाणी कोठे उतरते?
३. दफनभूमी 'स्वच्छ' आहे असे आपण केव्हा म्हणतो?
४. घरातील तणनाशकाचे डबे कोठे ठेवलेले आहेत? मुलांचा हात तिथे पोहोचतो का?

या आठवड्यातील कृती : प्रत्येक वस्तीसमूहाने एक सार्वजनिक जागा पाहून यावी, तिथे उगवणाऱ्या पाच वनस्पतींची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावीत, आणि त्यांपैकी खरोखर काढून टाकण्यासारखी कोणती, हे एकत्र बसून ठरवावे.