सकाळची न्याहारी : चहा-बिस्किटाकडून भिजवलेल्या चण्याकडे

न्याहारी हा मुळात उठल्याबरोबर घ्यायचा आहार नव्हता. पहाटे शेतावर गेलेल्या माणसाने दोन-तीन तास राबल्यावर बांधावर बसून खाल्लेली आदल्या रात्रीची भाकर आणि तिच्यासोबत कांदा, चटणी किंवा ताक, असा तो साधा पण भरपेट प्रकार होता. शाळेच्या आणि कचेरीच्या घड्याळाने ही वेळ अलीकडे ओढली, आणि जे अन्न भूक लागल्यावर खाल्ले जाई ते भूक लागण्याआधीच पंधरा मिनिटांत उरकावे लागू लागले. मुलांच्या सकाळच्या खाण्याविषयी पालकांना आज जी काळजी वाटते, आणि एका मिळकतीवर चालणाऱ्या घरात जी अधिकच जाचते, तिचे मूळ बरेचसे या बदललेल्या वेळेत आहे. पैशाचा प्रश्न खरा आहे, परंतु त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न असतो, ज्याविषयी सहसा कोणी बोलत नाही, आणि तो म्हणजे लाजेचा.

नागपूरच्या सदर भागात वेळ, पैसा आणि लाज हे तिन्ही प्रश्न एकत्र पाहायला मिळतात. लष्करी छावणीच्या मुख्य बाजाराला सदर बाजार म्हणण्याची ब्रिटिश काळातील पद्धत या नावात टिकून आहे. या भागाच्या एका अंगाला सिव्हिल लाइन्समधील बंगले आणि सरकारी कार्यालये आहेत, दुसऱ्या अंगाला गड्डीगोदामची दाट वस्ती आहे, मंगळवारी बाजार जवळच आहे, आणि आसपासच्या जुन्या शाळांमध्ये अधिकाऱ्याचे मूल व दुकानात काम करणाऱ्याचे मूल एकाच बाकावर बसते. ही या भागाची मोठी जमेची बाजू आहे. मात्र मधल्या सुट्टीत त्या दोघांचे डबेही शेजारी शेजारीच उघडतात, आणि पुढे सांगितलेल्या चुकीची सुरुवात तेथूनच झाली.

हे विवेचन केवळ वाचनातून आलेले नाही. प्रस्तुत लेखिका सदरमध्ये दोन मुलांसह राहते, एकटीच्या मिळकतीवर घर चालवते, आणि तिच्या घरात जवळजवळ तीन वर्षे न्याहारी म्हणजे चहात बुडवलेली चार ग्लुकोज बिस्किटे किंवा क्वचित टोस्ट एवढीच होती, हे सांगितल्याशिवाय पुढच्या मार्गदर्शनाला अर्थ राहणार नाही. त्याआधी, काटोलकडून आलेली आजी घरात होती तोपर्यंत, मोठा मुलगा सकाळी भाकर कुस्करून दुधात किंवा वरणात खात असे. दुसरीत गेल्यावर तो एके दिवशी म्हणाला, “आई, डब्यात भाकर नको देऊ ना, सगळे पाहतात.” मुलाचे हे म्हणणे समजून घेण्यासारखे होते. चूक झाली ती आईची, कारण तिने भाकर केवळ डब्यातून काढली नाही, तर सकाळच्या ताटातूनही काढली, आणि त्या जागी जे आणले ते स्वस्त, विनागॅसचे, मूल तक्रार न करता खाईल असे आणि दुकानात सर्वांसमोर विकत घेताना संकोच वाटू नये असे होते.

पुढे त्या मुलाचे पाय संध्याकाळी दुखू लागले, वर्गात दुसऱ्या तासाला त्याला झोप येऊ लागली, आणि खडू चघळताना व भिंतीची माती चाटताना तो दोनदा सापडला. अन्न नसलेल्या वस्तू खाण्याच्या या ओढीला वैद्यकात ‘पायका’ म्हणतात आणि लोहाच्या कमतरतेत ती पुष्कळदा आढळते, हे लेखिकेला तेव्हा माहीत नव्हते. तिने त्याला आळशी म्हटले आणि मातीसाठी एकदा हातही उगारला, आणि या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट तिला आजही सर्वाधिक सलते. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे लोहयुक्त द्रव्य, ९.१ निघाले; पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत ते प्रति डेसिलिटर ११.५ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया, मानते. डॉक्टरांनी औषध लिहिण्यापूर्वी जो पहिला प्रश्न विचारला तो सकाळच्या चहाविषयी होता.

त्या प्रश्नाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चहातील टॅनिन नावाची तुरट द्रव्ये धान्य-कडधान्यांतील लोहाशी बांधली जातात आणि ते लोह आतड्यातून रक्तात शोषले जाण्यात अडथळा आणतात. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला दिलेला आहे. हा सल्ला प्रौढांना आहे; लहान मुलाला तर चहाची मुळीच गरज नसते. म्हणजे चहा-बिस्किटाच्या न्याहारीत दुहेरी नुकसान होते, एक तर बिस्किटात लोह फारसे नसते आणि दुसरे, सोबतच्या अन्नात जे थोडेफार असते तेही चहा अडवतो. प्रथिनांचा, म्हणजे शरीराची वाढ आणि झीज भरून काढणाऱ्या अन्नघटकांचा, हिशेबही असाच आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने आणि १५ मिलिग्रॅम लोह लागते, असे याच संस्थांच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. चार ग्लुकोज बिस्किटांतून जेमतेम दीड ग्रॅम प्रथिने मिळतात आणि उरतो तो मुख्यतः मैदा, साखर आणि तेल.

हे एका घरापुरते नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त आढळली.

आता उपायाकडे येताना एक गोष्ट प्रथम मान्य करावी लागते, ती म्हणजे नागपूरच्या रस्त्याने हा प्रश्न शास्त्राचे नाव न घेता बराचसा सोडवलेला आहे. येथे पोह्यांवर काळ्या चण्याची तर्री, म्हणजे तेलाचा तवंग असलेला झणझणीत रस्सा, घालून खाण्याची रीत आहे. तांदूळ, गहू, ज्वारी अशा धान्यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो आणि तो कडधान्यांत भरपूर असतो. कडधान्यांत जो मेथिओनिन नावाचा घटक कमी असतो तो धान्य पुरवते. त्यामुळे पोहे आणि चणे एका ताटलीत आले की दोघांची उणीव भरून निघते. लहान मुलाला ती तर्री तिखट आणि तेलकट होते, हे खरे. पण तर्री वगळून चणे ठेवता येतात. अर्धी वाटी उकडलेले काळे चणे, मुलाच्या भुकेइतके पोहे, मूठभर भाजलेले शेंगदाणे, वरून बारीक चिरलेला सांबार (विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि अर्धे लिंबू, एवढ्या न्याहारीतून ५० ग्रॅम कोरडे पोहे, २५ ग्रॅम कोरडे चणे आणि १५ ग्रॅम शेंगदाणे धरल्यास ११ ते १२ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे आठ वर्षांच्या मुलाच्या दिवसभराच्या गरजेच्या जवळजवळ निम्मी. लिंबू येथे चवीपुरते नाही. त्यातील क जीवनसत्त्व वनस्पतिजन्य लोह शोषले जाण्यास मदत करते, म्हणजे चहा जे बिघडवतो ते लिंबू काही अंशी सुधारते. संत्र्याच्या हंगामात, आंबिया बहराची फळे पावसाळ्यानंतर आणि मृग बहराची थंडी सरताना बाजारात आली की, लिंबाचे हेच काम एक लहान संत्रे करते आणि मूलही ते आनंदाने खाते.

या साऱ्याला सकाळी वेळ कोठून आणावा, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर सकाळी सापडत नाही. अनुभवाने पटलेली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच की न्याहारी आदल्या रात्री ठरते. रात्रीची भांडी घासून झाल्यावर एक वाटी चणे भिजत घालण्यास अर्धे मिनिट लागते, आणि भिजवण्याने, त्याहूनही मोड आणण्याने, कडधान्यातील फायटेट नावाचे लोह अडवणारे द्रव्य कमी होते. मुगाची डाळ रात्री भिजवून सकाळी वाटली की दहा मिनिटांत दोन धिरडी होतात. उकरपेंडी हा विदर्भाचा जुना पदार्थ यासाठी विशेष उपयोगी आहे : चक्कीवरून गहू किंचित जाडसर दळून आणावेत, ते पीठ रविवारी मंद आचेवर खमंग भाजून डब्यात भरून ठेवावे, आणि सकाळी कांदा-कढीपत्त्याच्या फोडणीत ते टाकून, ताक किंवा पाणी शिंपडून, झाकण ठेवून वाफ आणावी. शेंगदाणे घातले तर ती पूर्ण न्याहारी होते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. म्हणजे धान्याची बाजू काही प्रमाणात सांभाळली जाते आणि हातातील थोडे पैसे चणे, डाळ आणि शेंगदाणे यांवर खर्च करणे शहाणपणाचे ठरते. लेखिकेच्या घरात बिस्किटांचे पुडे बंद झाल्यावर महिन्याच्या वाणसामानाची रक्कम वाढली नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण ती वाढेल या भीतीनेच बदल दोन महिने लांबला होता.

अंडे चालत असलेल्या घरात एक उकडलेले अंडे सहा ते सात ग्रॅम प्रथिने देते आणि त्याला शिजण्यापलीकडे काही कष्ट नाहीत. जेथे ते चालत नाही तेथे फुटाणे-गूळ किंवा दही-पोहे आहेत.

शिळ्या अन्नाबाबत मात्र नीट भेद करावा लागतो. रात्रीची कोरडी भाकर किंवा पोळी सकाळी कुस्करून, फोडणी देऊन खाल्ली तर त्यात कमीपणाचे काही नाही आणि धोकाही नाही. परंतु रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मुलाला देऊ नये, कारण भातात काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि उबदार हवेत त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, तेव्हा हा धोका वाढतो. भात फ्रिजमध्ये, तोही शिजल्यावर दोन तासांच्या आत ठेवलेला असेल तरच वापरावा.

पैशाची ओढाताण असलेल्या आईला सर्वाधिक फसवणारी वस्तू म्हणजे दुधात घालायची, चॉकलेटच्या चवीची पूड. अपराधीपणाच्या भरात लेखिकेनेही तिच्यावर चार महिने पैसे खर्च केले. अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणावे अशी कोणतीही व्याख्या देशाच्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही, हे एप्रिल २०२४ मध्ये शासकीय पातळीवर स्पष्ट करण्यात आले आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना त्या नावाखालून अशी पेये काढण्यास सांगण्यात आले. पुड्याच्या मागील बाजूस साखरेचा आकडा छापलेला असतो. तो वाचूनच निर्णय घ्यावा.

मूल सकाळी खातच नाही, ही तक्रार पुष्कळदा भुकेची नसून झोपेची असते. रात्री दहाला जेवून साडेपाचला उठवलेल्या मुलाला सहा वाजता भूक लागत नाही, आणि त्याला दटावून उपयोग होत नाही. रात्रीचे जेवण आठच्या आत उरकावे, सकाळी निम्मी न्याहारी घरी द्यावी आणि उरलेली निम्मी पहिल्या सुट्टीसाठी डब्यात द्यावी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला तो मुलांच्या अपुऱ्या झोपेचाच विचार करून. आपल्या मुलाच्या शाळेत तो पाळला जातो काय, हे पालकांनी पालक-शिक्षक सभेत विचारले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दुपारच्या भोजनाखेरीज सकाळच्या न्याहारीचीही शिफारस केली आहे, आणि गरम अन्न शक्य नसेल तेथे शेंगदाणे किंवा चणे गुळासह व स्थानिक फळे द्यावीत असे सुचवले आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत न्याहारीची योजना सुरूही केली. चणे, शेंगदाणे, गूळ आणि संत्री ज्या विदर्भात सहज मिळतात तेथील शाळांना हे अवघड नाही, आणि सगळ्या मुलांच्या हातात एकच वाटी आली तर कोणाच्या डब्याकडे पाहण्याचे कारणच उरणार नाही.

लेखिकेच्या मुलाचे हिमोग्लोबिन सहा महिन्यांनी ११.८ झाले. त्याचे सर्व श्रेय न्याहारीला देणे अप्रामाणिक ठरेल, कारण त्या काळात डॉक्टरांनी दिलेले लोहाचे औषध आणि जंतांची गोळीही चालू होती. रक्तक्षय एकदा झाल्यावर तो केवळ अन्नाने भरून निघेल या आशेवर थांबणे धोक्याचे असते. भाकर त्याच्या ताटात परतली आहे, डब्यात मात्र अजून नाही, आणि त्यासाठी त्याच्यावर सक्ती केलेली नाही. ज्या पालकांचे मूल सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत जाते, लवकर थकते, किंवा माती, खडू, कच्चे तांदूळ खाते, त्यांनी त्याला रागावण्याआधी नागपुरातील मेयो रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेऊन त्याचे रक्त तपासून घ्यावे, आणि ही तपासणी याच आठवड्यात करावी.