कॅफेतली तक्रार कुठे आणि कशी मांडावी

चि. पुतणीस,


कॅफेतली निराशा दोन प्रकारची असते. कॉफी बेचव निघाली, गाणी कर्कश होती, टेबल खांबाआड मिळाले, ही नुसती नावड; पुढच्या वेळी दुसरीकडे जावे. मागवले एक आणि आले दुसरे, सँडविचच्या पनीरला आंबूस वास आला, बिलात भलतीच रक्कम चढली, ही मात्र सेवेतील त्रुटी. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हिची दखल घेतो.

पदार्थ खराब असेल तर पहिल्या घासालाच सांगावे. बशी रिकामी झाल्यावर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. बोलावे ते मॅनेजरशी, गल्ल्यापाशी जाऊन. संध्याकाळी अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनाजवळच्या गर्दीत वाढणारा मुलगा एकटाच अनेक टेबले सांभाळत असतो. उशीर बहुधा आत स्वयंपाकघरात होतो, बोलणी मात्र त्याला खावी लागतात. बिलातला आकडाही त्याला बदलता येत नाही, म्हणून त्याच्यावर आवाज चढवणे हा निव्वळ अन्याय.

बिल मात्र सावकाश, ओळीने वाचावे. 400 रुपयांच्या खाण्यावर 5 टक्के जीएसटी धरून 420 व्हायला हवेत. 10 टक्के सेवा शुल्क घुसवले की आधी 440 होतात, त्यावर कर लागून 462. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी असे शुल्क आपोआप बिलात जोडण्यास आणि त्यावर जीएसटी आकारण्यास मनाई केली. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ही मनाई कायम ठेवली. टीप द्यायची की नाही आणि किती, हे ग्राहकाच्या मर्जीवर आहे. चांगल्या सेवेबद्दल ती हातात जरूर द्यावी. पाण्याच्या बाटलीवरून मात्र हुज्जत घालू नये: हॉटेलात बसून प्यायलेल्या बाटलीला छापील किमतीहून जास्त पैसे घेता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितले आहे.

मॅनेजरकडून सेवा शुल्क काढायला नकार मिळाला तर पैसे भरून बिल ताब्यात घ्यावे आणि लगेच त्याचा फोटो काढावा. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. मराठीतही बोलता येते. तारीख, वेळ, पदार्थ, रक्कम आणि मॅनेजरचे उत्तर एवढेच सांगावे. विशेषणांनी तक्रार पातळ होते.

अन्न दूषित असेल तर वाट वेगळी, ती अन्न व औषध प्रशासनाची. बिलावरचा 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक तिथे उपयोगी पडतो.

एवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंडकरांसाठी तो वांद्रे पूर्वेला आहे. घटनेपासून दोन वर्षांत दावा करता येतो, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिलात वाढलेल्या 42 रुपयांसाठी तिथवर जाण्याची गरज सहसा पडत नाही. विषबाधेसारखे नुकसान झाले असेल तर जरूर जावे. अर्ज लिहिण्यापूर्वी 1975 पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचा सल्ला घ्यावा. तिचे ग्राहक भवन विलेपार्ल्यात, कूपर रुग्णालयामागे आहे.

काका