माळ घातली, पण संगतीचे काय?

तुळशीची माळ गळ्यात घालणे म्हणजे मद्यमांस वर्ज्य करणे, एकादशी धरणे आणि पंढरीची वारी चुकू न देणे, हे वारकऱ्यांस सांगावे लागत नाही. तरी हल्ली कीर्तन आटोपल्यावर आईबाप आम्हांस बाजूला घेऊन विचारतात, "महाराज, पोराला माळ घातली, तरी खिशात पुडी सापडते. काय करावं?"

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी नाशाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयांचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, मग क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. तेथे संग म्हणजे आसक्ती, हे खरे; पण पोरांच्या बाबतीत आसक्तीच्या आधी संगत येते. पहिली पुडी कडूच लागते, पहिल्या धुराने ठसकाच लागतो. तरी पोरगं घेतं, कारण चार सोबती हसतील ही धास्ती. त्याला चव नको असते, मंडळीत जागा हवी असते. ती आपण दिली नाही, तर पानटपरी देते.

मग जागा द्यावी कशी? बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हरिपाठाला नुसते मागे बसवू नये. हाती टाळ द्यावा, मृदंगाचे बोल शिकवावेत, दिंडीत पताका द्यावी, पंगतीत पाणी वाढण्याचे काम नेमून द्यावे. गावातील एकेका वडीलधाऱ्याने दोन-तीन पोरे आपली मानावीत. "काल आला नाहीस, काय झालं?" एवढे विचारावे. उपदेश थोडा, विचारपूस रोज. "मला माळ आहे" हे तीन शब्द न लाजता म्हणण्याची सवयही लावावी.

आता थोडे कटू. भजनाच्या मध्ये "जा रे, तंबाखू घेऊन ये" म्हणून पोराला पिटाळणारे टाळकरी आपल्यातच आहेत. तंबाखू माळेच्या नेमात कुठं येते, अशी पळवाटही ते काढतात. पोर मात्र नेम ऐकून शिकत नाही, आपल्याकडे पाहून शिकते. शिवाय १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला दारू वा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास सांगितला आहे.

आणि मुलगा घसरलाच तर? मारझोड करू नये, दिंडीतून काढू नये; काढला की तो टपरीचाच झाला. नुसत्या शपथेवरही विसंबू नये. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अंगवळणी पडल्या असतील, तर त्या एकाएकी तोडल्याने झटके येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून कोंडून न घालता डॉक्टरांकडे न्यावे. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा विनाशुल्क दूरध्वनी आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणासारखी केंद्रेही आहेत. औषध वैद्याने द्यावे. बरा होऊन आलेल्याच्या हाती पुन्हा टाळ देणे, हे आपले काम.

असो. येत्या एकादशीला भजनास बसताना प्रत्येकाने शेजारी एक पोर बसवून घ्यावे, आणि आपली चंची घरी ठेवून यावे.

रामकृष्ण हरि.