गोठ्याच्या सांडपाण्यातील औषधे आणि कोळशाची गाळणी



नगर-पुणे रस्त्यावरील केडगाव असो की आसपासची गावे, संकरित गाईंच्या दुधावर अनेक घरांचा प्रपंच चालतो. गाईला दगडी (कासदाह) झाली की सडात औषधाची नळी सोडली जाते, इंजेक्शन दिले जाते. गाय बरी होते. पण त्या औषधाचे पुढे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

औषध जाते कोठे?

ऑक्सिटेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकाचा मोठा भाग शरीरात न मोडता शेण-मूत्रावाटे बाहेर पडतो. सडात सोडलेले औषध पुढच्या काही धारांच्या दुधात उतरते. हे दूध डेअरीला घालता येत नाही, म्हणून बऱ्याचदा ते नालीत ओतले जाते. जेथे माती उथळ आणि खाली मुरूम व भेगाळलेला खडक असतो, तेथे नालीचे पाणी विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. अल्प प्रमाणातील औषधाने सगळे जंतू मरत नाहीत. चिवट जंतू टिकतात आणि वाढतात. पुढे त्याच औषधाचा गाईला आणि घरातल्या माणसालाही गुण येत नाही.

हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. गोठ्यातील प्रमाण त्या मानाने फार कमी असते, पण आपली विहीर गोठ्याजवळच असते.

अधिशोषण म्हणजे काय?

स्पंजात पाणी आतपर्यंत शिरते, ते शोषण. पाण्यात विरघळलेला पदार्थ घन वस्तूच्या पृष्ठभागाला चिकटतो, ते अधिशोषण. कोळशात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे भरतो! पऱ्हाटी किंवा तुरीच्या काड्या कमी हवेत जाळून घरी केलेल्या कोळशाची ताकद यापेक्षा बरीच कमी असते.

सगळी औषधे सारखी चिकटत नाहीत. काळ्या मातीतील चिकणमातीचे थर पुस्तकाच्या पानांसारखे असतात. टेट्रासायक्लिन व एनरोफ्लॉक्सॅसिन या थरांना घट्ट धरून राहतात. सल्फा गटातील औषधे मात्र मातीतून पाण्याबरोबर खाली जातात. त्यांच्यासाठी कोळसा अधिक उपयोगी.

गाळणी कशी करावी?

१) गोठ्याचे पाणी प्रथम निवळण खड्ड्यात एक दिवस ठेवावे. शेणाचा गाळ आला तर कोळशाची छिद्रे बुजतात.
२) २०० लिटरच्या ड्रमला तळाशी तोटी बसवावी. खाली खडी, त्यावर वाळू, त्यावर ४० सें.मी. कोळसा व पुन्हा वाळूचा पातळ थर द्यावा.
३) कोळसा ज्वारी ते हरभऱ्याच्या दाण्याएवढा असावा. तो आधी धुऊन भुकटी काढून टाकावी.
४) पाणी कोळशाच्या थरातून सावकाश, सुमारे २० मिनिटांत उतरावे. वरील थराचे आकारमान साधारण १०० लिटर होते. म्हणून १५ लिटरची बादली भरण्यास ३ मिनिटे लागतील, इतकीच तोटी उघडावी.
५) अधूनमधून पेलाभर पाण्यात शाईचे दोन थेंब टाकून ते चमचाभर वापरलेल्या कोळशातून गाळून पाहावे. रंग तसाच राहिला तर कोळसा बदलावा. रंग गेला म्हणजे औषधही पूर्ण गेले, असे मात्र समजू नये.

मर्यादा ओळखा

ही गाळणी औषधाचे प्रमाण कमी करते, पाणी पिण्यायोग्य करीत नाही. गाळलेले पाणी विहिरीपासून दूर, चाऱ्याच्या पिकाला द्यावे. दुसरे असे की, अधिशोषणाने औषध नष्ट होत नाही, फक्त जागा बदलते. वापरलेला कोळसा ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर टाकला, तर सारा खटाटोप वाया गेला. तो वाळवून वीटभट्टीच्या विस्तवात जाळावा.

आधी हे करा

• उपचार चालू असलेल्या गाईचे दूध नालीत ओतू नये, वासरालाही पाजू नये. विहिरीपासून दूर, उकिरड्याच्या सुक्या काडीकचऱ्यात ते जिरवावे.
• प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. मात्रा पूर्ण करावी आणि दूध न घालण्याचा सांगितलेला काळ पाळावा.
• रिकाम्या नळ्या, बाटल्या गोठ्याच्या नालीत धुऊ नयेत.
• धार काढण्यापूर्वी व नंतर सड स्वच्छ करावेत, गोठा कोरडा ठेवावा. दगडी कमी झाली की औषधही कमी लागेल.

कोळशाची गाळणी हा शेवटचा बांध आहे. पाणी अडवायचे ते माथ्यापासून, हे आपण शेतात शिकलोच आहोत. औषधाच्या बाबतीत हा माथा म्हणजे आपला गोठा.